हेरन्स पुढे असताना

आमच्या घरात देव नाही. दाराला लिंबू-मिरची नाही, मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबत नाही, अमावस्या कधी येते अन् कधी जाते हेही आम्हाला ठाऊक नसतं. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे, आणि दोघांच्या मधोमध टीव्ही आहे. सगळा घोळ त्या टीव्हीने केला.

माझे यजमान रावसाहेब इथल्या केंब्रिजच्या, ते युनिव्हर्सिटीवालं नव्हे, मोटारींच्या प्लांटमध्ये क्वालिटीला होते. मी बँकेच्या काउंटरवर. दोघंही रिटायर. इथल्या आंबेडकर असोसिएशनमध्ये दर वर्षी रावसाहेबांचं भाषण ठरलेलं असायचं, विषय अंधश्रद्धा. एका बाईने लेकराच्या दंडाला ताईत बांधला होता, तर तिला सगळ्यांसमोर असं काही सुनावलं की ती बिचारी पुढच्या धम्मचक्र दिनाला आलीच नाही. आणि हाच माणूस घरी येऊन हेरन्सची मॅच लावायचा अन् मला सांगायचा, बेबी, हलू नको, आपण पुढे आहोत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

हेरन्स म्हणजे आमच्या गावची बेसबॉलची टीम. ती टीव्हीवरची करोडोंवाली नव्हे. गावातलीच पोरं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी लोकांच्या छपरांची कामं करतं, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी नदीकाठच्या ग्राउंडवर खेळतात. मॅच इंटरनेटवरून टीव्हीवर लावता येतात. हेरन म्हणजे बगळा. मी त्यांना बगळेच म्हणते, कारण बॅट घेऊन उभे राहतात तेही तसेच, चेंडू बाजूने निघून जाईपर्यंत ध्यान लावून. आम्ही इथे आल्यापासून त्यांनी एकदाही कप जिंकलेला नाही. बहुतेक वर्षी ते शेवटून पहिले किंवा दुसरे असतात.

रावसाहेबांचं मन तिथे का बसलं ते मला माहीत आहे. आम्ही नवीन होतो तेव्हा एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. तिथे त्या घरच्या गृहस्थांनी आधी नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं, मग नागपुरात राहायचात ते नेमकं कुठे हे विचारलं. इंदोरा, म्हणजे आमची बौद्ध वस्ती, म्हटल्यावर त्यांचा आवाज एकदम गोड झाला. तो गोडवा आम्हाला लहानपणापासून ओळखीचा. त्याच आठवड्यात प्लांटमधला एक जण रावसाहेबांना ग्राउंडवर घेऊन गेला. लाकडी बाकावर शेजारच्या म्हाताऱ्याने सरकून जागा दिली अन् एवढंच विचारलं, कोणाच्या बाजूने? रावसाहेब म्हणाले, तुमच्या. त्या दिवशी हेरन्स सपाटून हरले आणि आमचे हे घरी आले ते लग्नातून आल्यासारखे खूश.

आता नियम सांगते. हेरन्स पुढे असतील तर घरात जो जिथे आहे तिथेच राहायचं. मागे पडले की जागा बदलायची. हे क्रिकेटमधून आलेलं, इंदोऱ्यात रेडिओभोवती सगळा मोहल्ला असंच करायचा. फक्त क्रिकेटमध्ये ओव्हर तरी संपतात. ह्या मेल्या खेळात छोट्या छोट्या नऊ इनिंग, पण घड्याळच नाही! बरोबरी झाली की चालूच, चालूच, कुणीतरी जिंकेपर्यंत. एकदा माझे हात कणकेत होते अन् बगळ्यांनी रन काढले, तर मी दोन इनिंग तशीच ओट्याशी उभी. मी चिडायची, हसायची, पण उभी राहायची. त्यांची तेवढी एकच हौस होती, ना दारू ना पत्ते, मग काहून तोडायचं, असं वाटायचं.

मागच्या सप्टेंबरात त्या हौसेने घात केला. शेवटच्या काही मॅच उरल्या होत्या, हेरन्स महिनाभर एकही जिंकलेले नव्हते आणि त्या संध्याकाळी चक्क पुढे होते. मध्ये पाऊस आला, खेळ थांबला, तरी रावसाहेब खुर्चीतून उठले नाहीत. मांडीवर चादर होती, उजवा हात चादरीखाली. मी चहा दिला तो त्यांनी डाव्या हाताने घेतला अन् मला त्यात काही वाटलं नाही. पाऊस थांबला, पुन्हा खेळ सुरू झाला, बरोबरी झाली, मॅच लांबत लांबत गेली. बगळे जिंकले. मग रावसाहेब उठायला गेले आणि पडले.

हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, कधी सुरू झालं? मी म्हटलं, आत्ताच. रावसाहेबांचं तोंड वाकडं झालं होतं, पण तेव्हा अजून शब्द येत होते. ते म्हणाले, "सातव्या इनिंगला."

म्हणजे पावसाच्या आधी. हात मेला हे त्यांना कळलं होतं. कळूनही ते बसून राहिले, कारण टीम पुढे होती. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक वेळेच्या आत द्यावं लागतं. ती वेळ आमच्या हॉलमध्येच निघून गेली होती. सकाळपर्यंत उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. मला रडू आलं नाही, राग आला. लोक देशासाठी जीव देतात, लेकरासाठी देतात. ह्यांनी अर्धं अंग दिलं ते शेवटून दुसऱ्या नंबरसाठी. तो राग अजून माझ्या पोटात आहे, मी काही त्याच्यावर पाणी टाकलेलं नाही.

हिवाळाभर ते रिहॅबमध्ये होते. मे महिन्यात घरी आणले तेव्हा चार-दोन शब्द परत आले होते. बेबी, चहा, नाही, पुढे, माहीत. त्यातला 'नाही' सगळ्यात जास्त चालायचा. फिजिओवाली म्हणायची, पायात जोर आला आहे, मनात येत नाहीये. उभं राहा म्हटलं, नाही. काठी घ्या म्हटलं, नाही. दिवसभर त्याच खुर्चीत, त्याच टीव्हीसमोर. त्यांना उठवून वॉशरूमला न्यायचं म्हणजे माझ्या कमरेचा भुगा. मी पाच फूट नाही, ते सहा फूट.

आमची मुलगी दीपा कनाटाला असते, टेलिकॉममध्ये. तिने जूनमध्येच स्पष्ट सांगितलं, आई, हे तुला झेपणार नाही, बाबांचं नाव केअर होमच्या लिस्टमध्ये घालू. घरी मदतनीस पाठवणाऱ्या सरकारी होम केअरची बाई ऑगस्टमध्ये येऊन बघणार होती. ते स्वतः उठून, माझ्या हाताच्या आधाराने वॉशरूमपर्यंत गेले तर घरीच राहतील, मदतीला माणूस मिळेल. नाही गेले तर जिथे बेड रिकामा होईल तिथे. आणि बेड आला की एका दिवसात हो किंवा नाही सांगायचं. नव्वदच्या साली नागपूरहून दोन बॅगा घेऊन या परक्या देशात आलो तेव्हापासून आम्ही एका छपराखाली राहिलो होतो. मला त्यांचा राग होता, पण ते मला घरातच हवे होते. समोर नसतील तर रागवायचं तरी कोणावर?

यंदा बगळ्यांनी कमालच केली. मे गेला, जून अर्धा गेला, एक मॅच जिंकतील तर शपथ. रावसाहेब रोज संध्याकाळी खुर्चीत बसून बघायचे, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला की डाव्या हाताने मांडी बडवायचे, हरले की डोळे पुसायचे. मग पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच तोंड, आज होईल अशा आशेचं. एका संध्याकाळी मी पोळ्या करून थकून आले, बगळे पाच रनांनी मागे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"अहो, ती खुर्चीच आता पनवती झालीय. मागे पडलं की जागा बदलायची ना? मग उठा की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हाताकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. आणि डावा हात पुढे केला. मी त्यांच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा धरला, ते उठले, थरथरत सोफ्यापर्यंत गेले अन् बसले. महिन्याभरात फिजिओवालीला जमलं नाही ते त्या खोट्याने झालं. बाबासाहेबांच्या फोटोकडे बघायची माझी काही हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी सोडते होय? बगळे मागे पडले की उठा. सोफ्यावरून डायनिंगच्या खुर्चीवर, तिथून पॅसेजमधल्या बाकावर, तिथून वॉशरूमच्या दारापर्यंत आणि परत. बगळे रोज हरत होते, रावसाहेब रोज चालत होते. जुलै संपताना माझा एक हात पुरायला लागला. फिजिओवाली म्हणाली, तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, बेसबॉल. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

पण यात एक मेख होती आणि ती माझी मलाच कळली. हेरन्स पुढे गेले की रावसाहेब दगड. मग काहीही होवो, उठायचे नाहीत. एकदा दोन रनांची आघाडी होती तेव्हा त्यांनी चड्डीत केलं, पण जागा सोडली नाही. म्हणजे बगळे हरले पाहिजेत, तरच माझा नवरा घरी राहणार. मी, जिने आयुष्यात कुणापुढे हात जोडले नाहीत, ती ओट्याशी उभी राहून मनात म्हणायची, हरा रे बाबांनो, हरा. आणि तिकडे हॉलमध्ये तो माणूस मनातल्या मनात जिंका, जिंका करत असायचा. एका घरात दोन नवस, तेही नवस न मानणाऱ्यांच्या घरात.

ती बाई येणार होती शुक्रवारी दुपारी. मुद्दाम दुपार घेतली होती, कारण मॅच संध्याकाळी असतात. दीपा आदल्या दिवशीच ड्राइव्ह करून आली. रावसाहेबांनी तिच्यासमोर सकाळी दोनदा चालून दाखवलं, दीपाचे डोळे भरले. म्हणाली, आई, आय वॉज राँग मेबी. मी तिच्या आवडीच्या सावजी रस्स्याचं वाटण काढायला घेतलं. माझा जीव जरा खाली बसला.

जेवणानंतर पाहते तर टीव्ही चालू. आठवड्यापूर्वी पावसाने धुतलेली मॅच आज दुपारी पुन्हा खेळत होते. मला कुठून माहीत असणार? मी म्हटलं असू दे, बगळे आहेत, हरतील. पहिल्याच इनिंगला मागे पडले आणि रावसाहेब आपणहून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या माझ्या खुर्चीवर येऊन बसले. पिवळ्या गादीची, भाजी निवडायला मी बसते ती. ते बसले आणि बगळ्यांना काय वारं लागलं कोण जाणे. एकामागून एक मारत सुटले. सहा रन. वर्षभरात एका इनिंगमध्ये सहा रन मी पाहिलेले नाहीत. रावसाहेब डाव्या हाताने गादीची कड घट्ट धरून बसले होते. तेवढ्यात बेल वाजली.

बाई चांगली होती, मी उगीच कुणाला नावं ठेवणार नाही. बूट दाराशी काढून आली, त्यांच्या उंचीला वाकून बोलली, घाई केली नाही. मिस्टर मेश्राम, मला जरा उभं राहून दाखवता का? रावसाहेब म्हणाले, नाही. दीपाने टीव्ही बंद केला तर ते ओरडायला लागले, नाही, नाही, नाही, इतके की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मी पुन्हा लावला. बाई म्हणाली, आय कॅन वेट. तिने खरंच पुष्कळ वाट पाहिली. तिकडे बगळे पुढेच, रन वाढतच होते.

शेवटी मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. माझे गुडघे बसण्याजोगे राहिलेले नाहीत, तरी बसले. त्यांचा मेलेला हात हातात घेतला आणि जन्मात जे कबूल केलं नसतं ते कबूल केलं.

"अहो, मी खोटं बोलले होते. खुर्चीत काही नसतं. तुम्ही उठा नाहीतर बसा, ती पोरं खेळायची तशीच खेळणार. लोकांना आयुष्यभर हेच सांगितलंत ना तुम्ही? उठा. नाहीतर नेतील तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे अगदी शहाण्या माणसाचे होते, भाषणाच्या वेळी असायचे तसे. म्हणाले, "माहीत." मग डावं बोट उचलून टीव्हीकडे केलं.

"पण पुढे."

बाईने लिहून घेतलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की तुम्ही खूप केलंत. तिची गाडी वळणावर गेली असेल नसेल, मॅच संपली. हेरन्स जिंकले. वर्षातली पहिली मॅच. रावसाहेबांनी मोठा श्वास सोडला, काठी घेतली, आणि पट्टा नाही, माझा हात नाही, आपले आपण उठून सरळ वॉशरूमला गेले. दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज आला.

दीपाने दाराला कान लावला. मी म्हटलं, लाव तिला फोन, सांग तिला, आत्ता चालले म्हणावं. दीपाने लावला, मेसेज ठेवला. सोमवारी त्या बाईचं उत्तर आलं की नोंद केली आहे, पण एकदा जमून चालत नाही, हरवेळी जमलं पाहिजे. मी तावातावाने दीपाला म्हटलं, ही काय पद्धत झाली?  दीपा म्हणाली, "आई, ते बेसबॉलसाठी उठतात आणि बेसबॉलसाठी बसतात. तू बाथरूममध्ये पडलीस आणि हेरन्स पुढे असले, तर?"

 तर ते बसूनच राहतील, हे मला माहीत होतं.

लिस्ट लांब असते म्हणतात, आमचा नंबर बरा लवकर लागला. वॉनमध्ये बेड, इथून हायवेने तासाच्या वर. फोन आला तेव्हा दीपा ऑफिसात होती, तिला विचारायला वेळ होता, पण मी विचारलं नाही. हो मीच म्हटलं. रावसाहेबांना सांगितलं तर ते रडले नाहीत. घरातलं एखादं सामान आणता येईल, असं त्या लोकांनी सांगितलं होतं. मी विचारलं, काय नेऊ, बाबासाहेबांचा फोटो नेऊ? त्यांनी नाही म्हणून मान हलवली, आणि मग बोट माझ्या पिवळ्या खुर्चीकडे केलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना तिथे सोडलं. स्वच्छ जागा आहे, खिडकीतून वेअरहाउसं दिसतात अन् मागेपुढे होणारे ट्रक. फोटो आणि खुर्ची दोन्ही नेली, कुणी अडवलं नाही. मी कपाटात कपडे लावले, स्वेटरांवर नाव लिहिलेलं आहे ना ते पाहिलं, नर्सला सांगितलं की चहात आलं घाला, तिने हो म्हटलं, घालणार नाही हे दोघींना माहीत. दीपा गाडी काढायला खाली गेली. तिला त्याच दिवशी कनाटाला परत पोचायचं होतं, आधी मला घरी टाकून. टॅबलेटवर मॅच चालू होती, सीझनची शेवटची. हेरन्सचा शेवटचा नंबर कधीचाच पक्का झाला होता, तरी रावसाहेब पिवळ्या खुर्चीत पुढे झुकून बसले होते. एका रनाने पुढे होते मेले.

मी पर्स खांद्याला लावली अन् दाराकडे निघाले. येते, एवढंच म्हणायचं होतं मला, रविवारी येते.

"बेबी, हलू नको."

वर्षभरात ते सलग तीन वेगळे शब्द बोलले नव्हते. मी दारात थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही, नजर टॅबलेटवरच. तो राग उसळून वर आला, तरी मी दाराला टेकले. नवव्या इनिंगला समोरच्यांनी रन काढला, बरोबरी झाली. बरोबरीला हलायचं की थांबायचं, हा नियम आमच्या घरात कधी ठरलाच नव्हता.  

दहावी इनिंग सुरू झाली. ह्या खेळाला घड्याळ नाही म्हणून मी तीस वर्षं शिव्या दिल्या. आता दाराला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, जिंकू नका रे, हरूही नका, खेळत राहा. खालून दीपाचा फोन आला, पर्समध्ये वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी हलले नाही.